कोरा आलेला बिल्ला

बाळांनो,

गेल्या रविवारी थोरलीने फोनवर सांगितलं की, ती ज्या अणुवीज केंद्रांच्या तपासणीचं काम करते, तिथल्या तपासण्या आता निम्म्या वेळात उरकायच्या असं वरून ठरलं आहे. काय गाळायचं आणि काय ठेवायचं याची यादी तिलाच करायला दिली आहे. मी विचारलं, "माणसांशी बोलायला किती वेळ ठेवला आहेस?" ती हसली आणि म्हणाली, "आजी, तुला यातलं काय माहीत?" मागून धाकटाही हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. लोणच्याच्या बरण्यांवर तारखा चिकटवणारी, कर्जतच्या घरातली आजी तेवढी तुम्हाला ठाऊक आहे. मी काही वर्षं एका कारखान्यात नोकरी केली हे तुम्ही ऐकलं आहे, पण तिथे काय केलं ते तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. न सांगण्याला कारण होतं, ते पुढे येईलच. थोरलीला यादी महिनाअखेर द्यायची आहे, म्हणून आत्ताच लिहून पाठवते. धाकट्यानेही वाचावं. शास्त्र यात फार नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. तुमचे आजोबा कर्जतला शाळेत गणित शिकवत. मी लग्नाआधी मुंबईत इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. तुमचा बाप शाळेत जायला लागल्यावर दिवसभर घर खायला उठू लागलं, तेव्हा चौक गावाच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका कारखान्यात मी अर्ज केला. तिथे बॉयलर आणि मोठाले नळ बनत. इंग्रजी टपाल लिहील असं माणूस त्यांना हवं होतं. कर्जतहून एस.टी.ने जायचं, गॅरेजांच्या ओळीपाशी उतरायचं आणि भातखाचरांच्या कडेने दहा मिनिटं चालायचं. समोर इर्शाळगडाचा सुळका दिसे.

बॉयलरचे जाड पत्रे वितळवून जोडतात. जोड वरून चांगला दिसतो, पण आत पोकळी राहिली असली तर बॉयलर फुटतो. म्हणून प्रत्येक जोडाचा आतून फोटो काढत, डॉक्टर छातीचा काढतात तसाच. एका बाजूला फिल्म लावायची आणि दुसऱ्या बाजूने किरण सोडायचे. हे किरण विजेच्या यंत्रातून येत नसत. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या एका किरणोत्सारी धातूच्या तुकड्यातून येत. तो तुकडा ज्या पेटीत बंद असे ती पेटी दोघांनी उचलावी इतकी जड होती. तिची पाठ गोल आणि खाली चार आखूड पाय, म्हणून माणसं तिला कासव म्हणत. काम नसेल तेव्हा कासव एका कुलूपबंद खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यात, शिशाच्या झाकणाखाली असायचं.

हे काम करणारी सहा माणसं होती. प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला. बिल्ल्यात काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा तुकडा असे. महिना झाला की तो मुंबईला पाठवायचा. तिथे तो धुऊन किती काळवंडला ते पाहत आणि त्या माणसाला किती किरण लागले ते कळवत. एरवी सगळेच जवळजवळ कोरे येत. बिल्ले सांभाळणं माझ्याकडे होतं. संध्याकाळी जमा करून टेबलाच्या खणात ठेवायचे, सकाळी परत द्यायचे, दोन्ही वेळा वहीत लिहायचं. माझी वही फार सुरेख होती. खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही.

सहा जणांत मुख्य होते मिस्त्री. खोपोलीला शिळफाट्यावर राहत, पन्नाशीचे, मोठ्या आवाजाचे, मनाने चांगले. कासवातून तुकडा बाहेर काढण्याची परवानगी त्यांच्या नावावर होती. आणि त्यांच्या हाताखाली एक हेल्पर होता. चौकजवळच्या एका गावचा, बौद्ध घरातला. वडील दुसऱ्यांच्या खाचरात राबलेले, हा मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कासवाची दुसरी बाजू उचलायची, किरणांच्या मोजणीचं यंत्र हातात धरून सगळ्यांच्या पुढे जायचं आणि अंधारखोलीत फिल्म धुवायच्या, ही त्याची कामं. मिस्त्रींना मी अहोजाहो करत असे आणि त्याला अरेतुरे. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. इथेही तसंच लिहिते, म्हणजे खरं राहील.

वर्षातून दोनदा मुंबईहून तपासणी होई. तपासायला येणारे साहेब दक्षिणेकडचे होते, मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. ते यायच्या आधी आठवडाभर कारखान्यात लग्नघरासारखी गडबड असे. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायचे, धोक्याच्या पाट्या पुसायच्या, दोरखंड नवा आणायचा, वॉचमनच्या पट्ट्याला पॉलिश. साहेब आले की आधी मॅनेजरांच्या खोलीत चहा. मग वह्या. दुपारी पंगत वाटावी असं जेवण. जेवणानंतर पुन्हा वह्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सगळे मिळून खड्ड्यापाशी जात, मॅनेजर इंग्रजीत सांगत, मिस्त्री मान हलवत, हेल्पर भिंतीला टेकून उभा. अर्ध्या तासात ते आटपे. दोन दिवसांतला अर्धा तास.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. दसरा रविवारी, म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत कारखाना बंद. हत्यारं पुजायची म्हणून सकाळपासून लेथ, ड्रिल, हातोडे सगळं घासूनपुसून, झेंडूच्या माळा घालून तयार. दुपारी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले.

"बाई, बिल्लेबी पूजेला ठेवतोय. कासवापाशी. खोलीला कुलूप हाय, खोलीची नि कासवाची, दोन्ही किल्ल्या जाग्यावर. सोमवारी सकाळी देतो."

"बरं," मी म्हणाले. मला दीडची एस.टी. गाठायची होती आणि घरी पुरणाचं व्हायचं होतं. खोलीला कुलूप आहे, म्हणजे जमाच झाले, असं मी धरलं. वही उघडली आणि सहाही नावांपुढे 'जमा' लिहिलं.

त्यानंतर काय झालं ते मी लगेच विसरले, आणि पुढे दोन महिने मला ते आठवलं नाही.

दिवाळी उलटली, भातं कापून झाली, खाचरांत वाल पेरून झाले, आणि मुंबईहून दसऱ्याच्या महिन्याच्या बिल्ल्यांचा अहवाल आला. टपाल मीच उघडत असे. पाच नावांपुढे मोठे आकडे आणि त्यांखाली तांबडी रेघ. सहावं नाव हेल्परचं, त्यापुढे काहीच नाही. बिल्ला कोरा.

त्या दिवसापासून कारखान्यात कुणी मोठ्याने बोलेना. पाच जणांना रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. त्यांच्या रक्तात काही निघालं नाही, पण त्याने कुणाचं समाधान होईना. मिस्त्रींची बायको त्यांना रोज दोन वेळा हळद घालून दूध देऊ लागली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, ते मिस्त्रींनी स्वतःच लांबणीवर टाकलं. "माझं काय खरं नाय आता," ते मला म्हणाले, आणि एवढा मोठा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

आणि सहाव्या बिल्ल्याचं काय? काम सहाही जणांचं एकत्र, म्हणून मॅनेजरांनी त्याचे दोनच अर्थ लावले. हेल्पर बिल्ला लावतच नसणार. नाहीतर दुसऱ्यांच्या बिल्ल्यांना त्यानेच काहीतरी केलं असणार, कारण अंधारखोलीची किल्ली त्याच्याकडे. दोन्ही अर्थांनी त्याची नोकरी जाणार होती. त्याची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती, आणि घरात महिन्याचा पगार आणणारा तो एकटाच.

साहेब आठवडाभरात आले. या वेळी चहा झाला, पण जेवणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साहेबांनी अख्खा दिवस वह्या वाचल्या. कासव कधी बाहेर काढलं, कधी आत ठेवलं, किल्ली कुणी नेली, बिल्ले कधी दिले, कधी घेतले. संध्याकाळी चारला माझी वही मिटून ते मला इंग्रजीत म्हणाले की इतकी नीट वही त्यांनी दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात पाहिलेली नाही. मला बरं वाटलं. हे तुम्हाला सांगायला जड जातं, पण वाटलं.

मग हेल्परला आत बोलावलं. मॅनेजर खुर्चीत, साहेब खुर्चीत, मी मध्ये दुभाषी म्हणून उभी.

"बिल्ला रोज लावतोस?"

"रोज लावतो, साहेब."

"मग कोरा कसा?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बाईंनी जरा सौम्य शब्दांत सांगावं असं त्याला म्हणायचं असेल. मी साहेबांना सांगितलं की तो घाबरला आहे. मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही. निकाल लागला की कळवू." त्याने मान हलवली आणि गेला.

साडेपाचला मी रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहत उभी होते. समोरच्या गॅरेजमध्ये एका ट्रकचं चाक काढलेलं आणि ड्रायव्हर क्लीनरच्या नावाने ओरडत होता. हेल्पर खाचरांच्या बाजूने आला. गावाकडे जायचा त्याचा रस्ता तो नव्हता.

"बाई, एक इचारू का?"

"विचार."

"दसऱ्याच्या आदल्या शनवारी माझा बिल्ला कुठं व्हता, आठवतंय तुमाला?"

"जमा होता. वहीत आहे."

"वहीत सगळ्यांचे हायेत. मी माझ्या बिल्ल्याचं इचारतोय."

मी आठवू लागले. टेबल, वही, दीडची एस.टी., मिस्त्री येऊन गेलेले. आणि मग, मी पर्स उचलली तेव्हा, टेबलाच्या कडेशी उभा असलेला हा. "माझा हितंच ठेवा, बाई, खणात." मी त्याच्याकडे न पाहताच हात पुढे केला, खण उघडला, आत टाकला, कुलूप लावलं. सहा बिल्ल्यांतला एकच नियमाने जिथे असायला हवा तिथे होता, आणि तो मी माझ्या हाताने ठेवला होता. बाकीचे पाच शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत कासवाच्या पाठीवर, हळदीकुंकवाखाली. कासवाची भिंत जाड असली तरी थोडे किरण तिच्यातून पाझरतातच. माणूस मिनिटभर जवळ जाऊन येतो, त्याला काही होत नाही. पण चाळीसेक तास कुणी त्याला मिठी मारून बसत नाही.

"मिस्त्रींना सांगितलं नव्हतंस?"

"त्याच दिशी सांगितलं. म्हनलं, मिस्त्री, बिल्लं वर नका ठेवू, आत फिल्लम हाय, काळी पडंल. तर हसले. म्हनले, 'आता तू आमाला पूजा शिकवनार का रं?' मंग समदेच हसले. मी माझा घेतला नि तुमच्याकडं आलो."

"अरे, मग अहवाल आल्यावर त्यांच्या लक्षात नाही आलं?"

"त्यांना वाटतं, बिल्ला मानसाच्या छातीवर असंल तवाच मोजतो. फिल्लमला काय मानूस वळखू येतंय, बाई?"

"आणि आज तू का गप्प बसलास? साहेबांपुढे?"

 रस्त्यावरून दोन टेंपो गेले.

"तुमी वहीत लिवलंय, समद्यांचे जमा. चारचौघांत मी कसं म्हनू, बाईंची वही खोटी हाय? आन् मिस्त्रींचं नाव घेऊन सुटलो, तरी कासव उचलायला दुसरा हात त्यांचाच. तसल्या खोलीत रुसलेल्या मानसासंगं काम नाय करता येत."

एस.टी. आली. मी चढले. तो खाली उभा होता. बोला किंवा बोलू नका, यातलं काही त्याने मला सांगितलं नाही.

घरी तुमचे आजोबा पेपर तपासत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं की खोली कुलूपबंद होती, म्हणजे तसं पाहिलं तर जमाच. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मुलाने उत्तर आधी लिहिलं आणि गणित केलंच नाही, तर किती गुण देऊ?" मग त्यांनी पुढचा पेपर ओढला. मी त्यांच्यावर चिडले, पण भांडायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर यायच्या आधी मी साहेबांना गाठलं आणि त्या शनिवारचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सांगताना इंग्रजी अडखळत होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "खोली कुठे आहे?" वह्यांच्या आधी खोली बघायला गेलेले मी त्यांना त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मिस्त्रींना तिथे बोलावलं. त्यांनी काहीही लपवलं नाही. पाट दाखवला, कासव कसं खड्ड्याबाहेर काढून पाटावर ठेवलं ते दाखवलं, त्याच्या पाठीवर बिल्ले कसे अर्धगोलात मांडले ते बोटाने काढून दाखवलं.

"साहेब, वर्षातनं एकदाच. बिल्ले तर औंदाच पयल्यांदा ठेवले. आमी हत्यारं नाय पुजायची तर काय पुजायचं?"

साहेबांनी मला सांगितलं आणि मी मिस्त्रींना सांगितलं की ते काळे डाग माणसांच्या अंगावरचे नाहीत, कासवाच्या पाठीवरचे आहेत.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे... आमाला काय लागलंच नाय?"

"तसं दिसतंय."

ते तिथेच, खड्ड्याच्या कडेला, जमिनीवर बसले. मग एकदम म्हणाले, "तरी तो म्हनला व्हता! त्या दिशी म्हनला व्हता मला, फिल्लम काळी पडंल म्हनून!" आणि कपाळावर हात मारून घेतला.

पण साहेब म्हणाले, नुसत्या बोलण्यावर अहवाल बदलत नाही. त्यांनी पाच नवे बिल्ले मागवले. पुढच्या शनिवारी दुपारी त्याच वेळेला, कासव त्याच पाटावर घेऊन, त्याच्या पाठीवर त्याच जागी ठेवायचे आणि सोमवारी सकाळी उचलायचे. मिस्त्रींनी भीत भीत विचारलं, "साहेब, फुलंबी ठेवू का?" मी हसू दाबून इंग्रजीत सांगितलं. साहेब अजिबात हसले नाहीत. "जसं होतं तसंच," ते म्हणाले. म्हणून साहेबांच्या देखत पुन्हा झेंडू आला, हळदकुंकू आलं, नारळ आला. सरकारी खर्चाने झालेली ती बहुधा पहिलीच पूजा. फक्त या वेळी खोलीबाहेर रात्रंदिवस वॉचमन बसवला, कारण कासव खड्ड्याबाहेर दोन रात्री ठेवणं हीच मुळात मोठी चूक होती.

निकाल यायला तीन आठवडे लागले. तोवर हेल्परला परत घ्यावं असं मी मॅनेजरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, कागद येऊ द्या. ते तीन आठवडे तो कुणाच्या तरी वालाच्या शेतात रोजाने जात होता. मी सकाळी एस.टी.तून उतरून चालत येई, तेव्हा लांबून दिसे. हात करावा की नाही, मला कळत नसे.

कागद आला. पाचही फिल्म जवळजवळ तितक्याच काळ्या. पाचांच्या नावापुढचे आकडे रद्द झाले आणि सहाव्याचं शून्य खरं ठरलं. मिस्त्रींना ताकीद मिळाली, मला मिळाली. माझ्या नोकरीतली ती पहिली आणि शेवटची. तुम्हाला ही नोकरीची हकिकत कधी सांगितली नाही, ती या ताकिदीच्या पत्रामुळे. हेल्परला मात्र कुणी पत्र दिलं नाही. सोमवारपासून ये, असा निरोप गेला, बस्स.

तो आला तेव्हा मिस्त्री खोलीच्या दारात उभे होते.

"ये रं. तुझ्याबिगर कासव हलत नाय."

"का? एवढे हात हायेत की."

"हात लय हायेत. पन समद्यांना पूजाच येते."

तो हसला. मिस्त्रीही हसले, आणि दोघांनी कासव उचललं. पुढे मिस्त्रींच्या मुलीच्या लग्नात तो वाढप्यांत होता, मी स्वतः पाहिलं.

आता थोरले, तुझ्या कामाचं. जायच्या आधी साहेबांनी मला सांगितलं होतं, हे पहिल्या तासातच बाहेर आलं असतं असे प्रश्न लिहून ठेवा. मी माझ्या सवयीने वह्यांचे रकाने समोर ठेवून वीस प्रश्न काढले. बिल्ला नियमाने वापरता का? कुलूप नीट लावता का? अशा तऱ्हेचे. मराठी करून हेल्परला वाचायला दिले. त्याने सगळे वाचले आणि कागद परत दिला.

"बाई, ह्या समद्यांना आमी 'हो साहेब' म्हननार."

म्हणून दोघांनी मिळून नवे काढले, जेवणाच्या सुट्टीत, चार दिवस. बारा झाले. एकालाही 'हो' म्हणून सुटता येत नव्हतं. किल्ली आत्ता कुठे आहे? घेऊन या. काल सुट्टी झाल्यावर तुमचा बिल्ला कुणाच्या हातात दिलात? मोजणीचं यंत्र चालत नाही हे तुम्हाला कशावरून कळतं? करून दाखवा. त्यातला सातवा त्याचा होता: गेल्या वर्षभरात कुठला दिवस रोजच्यासारखा नव्हता, आणि त्या दिवशी काय वेगळं केलंत?

साहेब उन्हाळ्यात आले ते थेट शेडमध्ये. चहा त्यांनी उभ्या उभ्या घेतला. सहा जणांना एकेकटं, त्यांच्या कामाच्या जागी, मी बारा प्रश्न मराठीत विचारले आणि उत्तरं साहेबांना इंग्रजीत सांगितली. वह्या सगळ्यात शेवटी, आणि उत्तरांत जे दिवस आले तेवढीच पानं. सातव्या प्रश्नाला एकाने सांगितलं की मागच्या श्रावणात खड्ड्यात पाणी भरलं होतं, तेव्हा दोन दिवस कासव टाइम ऑफिसमध्ये ठेवलं होतं. वहीत त्याचा पत्ता नव्हता. टाइम ऑफिसच्या दाराला तर कडीसुद्धा धड नव्हती. पुढच्या पावसाआधी खड्ड्याला कठडा बांधला. ती तपासणी दुपारच्या जेवणाआधी संपली. दोन दिवसांचं काम एका सकाळीत झालं, आणि निघालं जास्त. मॅनेजर थोडे नाराज होते, कारण जेवणाचा बेत फुकट गेला.

वेळ वाचवावा म्हणून आम्ही हे केलं नव्हतं. पण तुला वेळच वाचवायचा असेल, तर माझ्यासारख्यांच्या वह्या वाचण्याचा खुशाल निम्मा कर. कासवाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा मिनिटभरही कमी करू नकोस, आणि त्याच्या साहेबाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसव.

खंडेनवमीची पूजा बंद झाली नाही. बंद करा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. कासव खड्ड्यातच राहू लागलं, एक फूल झाकणावर. सहाही बिल्ले माझ्या खणात, आणि ते मोजल्याशिवाय मी वही उघडत नसे. हेल्पर त्या दुपारी सगळ्यांआधी दोन्ही किल्ल्या तपासून निघे, कारण दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्याच्या समाजाचा धम्मचक्र प्रवर्तनाचा मोठा दिवस असे आणि खोपोलीच्या मिरवणुकीची तयारी त्याच्याकडे होती. दोन वर्षांनी तो मुंबईला कासवाच्या परवानगीच्या परीक्षेला बसला. इंग्रजी शब्दांची तयारी मी करून घेतली. पास झाला, आणि मिस्त्री निवृत्त झाल्यावर कासवाची परवानगी त्याच्या नावावर झाली. त्या दिवसापासून मी त्यांना अहोजाहो करू लागले. आधीच करायला हवं होतं.

कारखाना पुढे बंद पडला. शेडच्या जागेवर आता गोदाम आहे. कासव सरकारने परत नेलं, मिस्त्री म्हातारपणाने गेले, माझ्या वह्या वाळवीने खाल्ल्या. बारा प्रश्नांचा कागद माझ्याकडे आहे, त्याची प्रत या पत्रासोबत ठेवते. सातव्या प्रश्नाचं अक्षर त्यांचं आहे. ते चौकजवळ त्याच गावात राहतात. गुडघे दुखतात, बाकी तब्येत चांगली आहे.